धुरपाच्या लुगड्यातलं झबलं

ऐका. लाईट काही बाराच्या आत यायची नाही, आणि ती आल्याशिवाय तुमच्या विहिरीवरच्या मोटारी चालू व्हायच्या नाहीत. तेव्हा घरी जाऊन निजण्यापेक्षा इथंच ओट्यावर बसा. चहा आलाय, घ्या. बजा, ती विडी तिकडं तोंड करून ओढ. मला ठसका लागला तर गोष्ट अर्धी राहील आणि अर्धी गोष्ट घेऊन रात्रीचं शिवारात जाऊ नये.

मी थापा मारतो, हे साऱ्या शेंदरेवाडीला ठाऊक आहे. माझ्या गोष्टीतला वाघ दर साली हातभर वाढतो, असं हे नाना चारचौघांत सांगतात. सांगू द्या. वाघ माझा, वाढवला मी, नानांचं काय गेलं? पण आजची गोष्ट मी एक बोटसुद्धा वाढवून सांगणार नाही. का, ते शेवटी कळेल.

केरबा पोरे नावाचा एक शिंपी होता; नाना, तुम्हाला तो ठाऊक आहे, पण शेवटपर्यंत मधे बोलायचं नाही. अडतीस-चाळीस वर्षं झाली असतील. घर इथलंच, आपल्या वाडीतलं. बायको हौसा, आणि एकुलती एक पोर, शेवंती. सहा वर्षांची. दोन पोरं जाऊन तिसरी राहिलेली, म्हणून तळहाताच्या फोडासारखी जपलेली. दर पाडव्याला केरबा तिला दाराच्या चौकटीशी उभी करायचा आणि डोक्यावर कोळशानं रेघ ओढायचा. "वाढली गं माझी बाय, चार बोटं वाढली!" आणि सबंध आळीला बोलावून ती रेघ दाखवायचा. जसं काही पोर वाढवायचं कसब जगात त्याला एकट्यालाच येतं!

त्याची मशीन असायची निंबाळीला. बुधवारच्या बाजारात तिथल्या वाण्याच्या ओट्यावर बसायचा, दिवसभर शिवायचा, आणि दिवस मावळला की गाठोडं खांद्यावर टाकून चालत घरी. सडकेनं आलं तर दीड कोस. पाणंदीनं, ओढ्यातून आलं तर कोसभरच. तुम्ही असता तर कुठनं आला असता? तसाच तोही आला.

मार्गशीर्षातली गोष्ट. अंधार पडलेला. थंडी अशी, की दातावर दात वाजावेत. ओढ्याला पाणी नव्हतं, नुसती वाळू. केरबा वाळूत उतरला आणि पलीकडच्या करंजाखालनं आवाज आला.

"केरबादादा."

थांबला. एक बाई उभी. पदर तोंडापर्यंत ओढलेला. पोटाशी कापडाची घडी धरलेली.

"दादा, बाळ झालं. आता शिवून द्याल न्हवं?"

आता शिंप्याची एक गंमत सांगतो. त्याच्या ध्यानात माणसाचं तोंड राहत नाही, कापड राहतं. बाईनं घडी पुढं केली आणि केरबाच्या बोटांनी ओळखलं. जांभळं इरकली लुगडं, लाल काठाचं. वापरून वापरून लोण्यासारखं मऊ झालेलं. दोन पावसाळ्यांमागं हीच बाई हेच लुगडं घेऊन बाजारात आली होती. नववा महिना होता तिला. "माझ्या आईचं जुनेर हाय दादा. ह्यातलं झबलं-टोपडं शिवून ठेवा." आणि केरबानं हात जोडले होते. बाळ जन्मायच्या आधी त्याचं कापड शिवत नाहीत, हे ठाऊक आहे ना? आपल्यात नाहीच शिवत. पहिलं कापड जुन्याचंच, आणि तेही बाळ आल्यावर. "बाळ येऊ दे पोरी," तो म्हणाला होता, "मग घेऊन ये. सगळी कामं बाजूला ठेवीन आणि तुझं शिवीन."

शब्द दिलेला होता. नाही कसा म्हणणार? आणि दोन वर्षं कुठं होतीस, हेही त्यानं विचारलं नाही. थंडी वाजत होती, घरी जायचं होतं. माणूस अशा वेळी हिशेब करत बसत नाही.

"माप?" त्यानं विचारलं.

बाईनं सुताचा एक तुकडा दिला. दोन गाठी मारलेल्या. पोराला बाजारात आणता आलं नाही तर बाया असंच माप आणत. एक गाठ उंचीची, एक छातीची. केरबानं अंधारात सूत बोटांवर ताणलं. वीतभर भरलं. इतकंसं. नुकतं जन्मलेलं पोरदेखील त्याहून मोठं असतं.

"बरंच बारकं हाय गं."

"व्हय," ती म्हणाली. "बारकंच हाय."

पुढच्या बुधवारी त्यानं झबलं शिवलं. लुगड्याच्या पदराकडचा मऊ भाग कापला, शिवण उलटी केली, नाहीतर टोचते बाळाला, आणि हाताच्या सवयीनं बगलेत आणि खाली घेरात दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं. शिंपी त्याला माया म्हणतात. लहान पोराचं कापड मायेशिवाय कुणी शिवत नाही. पोर वाढलं की टीप उसवायची आणि आतलं कापड सोडायचं. एका कापडात दोन वर्षं निघतात.

रात्री ओढ्यात ती होतीच. झबलं आणि उरलेलं लुगडं घेतलं. झबलं अंधारात चाचपलं. बोटं घेरावर थांबली.

"दादा, हे आत दुमडलंय कशाला?"

"अगं, पोरं वाढत्यात. वाढली की उसवायचं."

पाचोळासुद्धा हलेना. मग अगदी हळू म्हणाली,

"वाढंल?"

"वाढंल की!" केरबा हसला. "न वाढून सांगती कुणाला!"

हे त्याचं चुकलं. ऐका, ध्यान देऊन ऐका. बाकी सगळं पुढचं ह्या एका वाक्यातनं निघालं.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा. "दादा, वाढली! तुम्ही म्हणाला तशी वाढली!" आवाजात असा आनंद, की केरबालाही बरं वाटलं. सूत दिलं. ते हातभर होतं. आठवड्यात वीतभराचं हातभर! "आता फराक शिवा." लुगडं पुन्हा त्याच्या हाती दिलं. घरी येऊन त्यानं कंदिलापाशी उलगडलं, तर कापलेली जागा नाहीच. नऊ वार सलग. पदर जागेवर, काठ जागेवर.

केरबा म्हणाला, दुसरं असेल. त्याच वाणाचं. असतात की दोन दोन.

म्हणतो माणूस, नाना, म्हणतो! तुम्ही नाही का परवा रिकामं दावं बघून म्हणालात, म्हैस चरायला गेली असेल?

फ्रॉक शिवला. दिला. पुढचं सूत घेतलं. ते आणखी लांब. "आता परकर-पोलकं." आणि दर वेळी बोटं घेरावर फिरायची. "माया ठेवलीय न्हवं दादा?" "ठेवलीय बाई." "किती?" "चार बोटं." "लई ब्येस."

तोवर इकडं घरात काय झालं? एक दिवस हौसा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अवो, शेवंतीच्या परकराचं माप चुकलं का तुमचं? मातीत लोळतोय."

"माझं माप? येडी का खुळी?"

बघतो तर खरंच. दिवाळीला घोट्यापर्यंत होता तो परकर आता जमिनीवर लोळत होता. त्यानं खालून दुमडून टीप मारली. चार दिवसांनी पुन्हा लोळायला लागला. पुन्हा टीप मारली. पोरीच्या हातातल्या बांगड्या आपोआप गळून पडायला लागल्या. ती खेळायला जाईना. भिंतीला टेकून बसून राहायची. डॉक्टर म्हणाला अशक्तपणा आहे, आणि एक लाल औषध दिलं. पोर ते निमूट प्यायची आणि विचारायची, "आबा, मी लहान व्हाया लागलेय का?"

"छट्! लहान हुतंय का कोण!"

पाचवा बुधवार. केरबा ओट्यावर परकर शिवत होता. मांडीवर लुगडं पसरलेलं. शेजारी भामाबाई कासारीण बांगड्यांचे वेढे मांडून बसायची. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिचं लक्ष गेलं.

"केरबा, हे लुगडं तुझ्याकडं कसं रं?"

"गिऱ्हाइकाचं हाय."

"कुठलं गिऱ्हाईक? हे धुरपाचं. खालच्या आळीच्या धुरपाचं. तिच्या आईच्या हातात ह्या लुगड्यावर मीच चुडा भरलाय. मी इसरंन व्हय?"

"मग तीच देती की."

भामाबाईच्या हातातला वेढा खाली पडला. चार बांगड्या फुटल्या, तिनं त्या उचलल्यासुद्धा नाहीत. म्हणाली, "धुरपा गेली रं. दोन वर्सं झाली. कळा सुरू झाल्या, गाडीत घालून तालुक्याला नेत हुते. वड्याला पूर आला हुता. गाडी मधीच रुतली. तिथंच बाळंत झाली, तिथंच गेली. पोरगी झाल्याली. वीतभर. एकदा रडली म्हणत्यात, पुन्यांदा न्हाई. गुंडाळायला दुसरं काय न्हवतं, हेच लुगडं हुतं. ह्याच्यातच दोघींना..."



बाळंतपणात गेलेल्या बाईला आपल्याकडं अळवंतीण म्हणतात, आणि तिचं नाव काढताना पोरांना घरात घेतात. केरबानं मशीन झाकली. लुगडं वाण्याच्या ओट्यावर तसंच टाकलं. तयार झालेला परकरही टाकला. आणि त्या रात्री पाणंद सोडली, सडक धरली.

सडकेनं चालतोय, चालतोय. मैलाचा दगड आला. पुढं चालला. पुन्हा तोच दगड! पुढं चालला. पुन्हा तोच! चकवा लागला होता, दुसरं काय? त्यानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि धूम पळत सुटला. पायाखाली सडक होती ती मऊ झाली. डोळे उघडतो, तर वाळू. ओढ्यात उभा!

"आलासा दादा? वाट बघून पोर कंटाळली."

आज ती एकटी नव्हती. तिचा पदर धरून मागं एक पोर उभं होतं. केरबानं तिच्या अंगावरचा परकर ओळखला, त्यानंच शिवलेला. वाण्याच्या ओट्यावर टाकून आलेला.

"मामाच्या पाया पड," धुरपा म्हणाली.

पोर वाकली आणि बोलली. एकच शब्द.

"मामा."

बजा, ऐक. आवाज शेवंतीचा होता. तोच. थोडा घोगरा, शेवटचं अक्षर ओढून बोलायची तसा.

केरबा कसा पळाला ते त्यालाही सांगता यायचं नाही. घरी आला, गाठोडं फेकलं, आणि गाठोडं उघडलं गेलं. आत लुगडं. त्यावर नवं सूत. त्यानं घेतलं नव्हतं. त्यानं ते सूत निजलेल्या शेवंतीच्या अंगाला लावलं. पहिली गाठ खांद्याला, शेवटची टाचेला. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. मग तिला तशीच उचलून चौकटीशी धरली. पाडव्याची रेघ डोक्याच्या वर राहिली होती. किती? शिंप्याला मोजायला टेप लागत नाही. वीतभर.

हौसा उठून बसली होती. केरबानं सगळं सांगितलं. मला वाटतं दुसरी कुणी असती तर कपाळ बडवून घेतलं असतं. हौसानं एकच विचारलं.

"तिला वाढंल म्हणून कुणी सांगितलं?"

"मी."

"मग न्हाई म्हणूनबी तुम्हीच सांगा."

"कसं सांगू गं? आई हाय ती."

"मी कोण हाय?" हौसा म्हणाली. आणि मग रडली.

दुसरा दिवसभर केरबा दार लावून बसला. मशीन निंबाळीला, म्हणून हातानंच शिवलं. लुगड्याच्या पदरातनं पुन्हा एक झबलं. वीतभर. पहिल्या मापाचं. खालचा घेर तेवढा मोकळा सोडला, माप बघून जागेवर कापायला. दिवस मावळला तसा उठला. टोपीत सुई खोचली, कात्री घेतली, आणि आपल्या पायानं पाणंदीनं गेला. त्या रात्री चकवा लागला नाही. कशाला लागेल?

"पोरीला इकडं दे," तो धुरपाला म्हणाला. "माप बघतो."

तिनं खुशीनं पोर पुढं केली. केरबा वाळूत मांडी घालून बसला. पोरीला मांडीवर घेतलं. गार! माठाला हात लागावा तशी. आणि त्यानं तिच्या परकराची टीप उसवायला सुरुवात केली.

"हे काय करताय दादा?"

"उसवतोय."

"मोठा करताय न्हवं?"

केरबाची सुई चालतच राहिली. एक टीप उसवली, पोर चार बोटं आखडली. दुसरी उसवली, आणखी आखडली.

मग धुरपाला कळलं. आणि मग, बाबांनो, जे झालं! कोरड्या ओढ्यातनं पुराचा आवाज आला. पाणी दिसेना, पण केरबा कमरेपर्यंत भिजला. धुरपा करंजाएवढी उंच झाली. तिचा पदर सुटला आणि त्याच्या गळ्याला येऊन गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा. श्वास अडकला. तरी सुई थांबली नाही. मग मांडीवरची पोर रडायला लागली, शेवंतीच्या आवाजात.

"आबा, नका! आबा, मला दुखतंय! आबा, मी तुमची न्हाई का?"

इथं त्याचा हात थांबला. तुमचा नसता थांबला? इथं भलेभले थांबले असते आणि ती रात्र जिंकून गेली असती. केरबानं डोळे मिटले. म्हणाला, "तू माझी न्हाईस पोरी. तू धुरपाची. आणि तू एवढीच हाईस, एवढीच." आणि शेवटची टीप उसवली.

सगळं शांत झालं. पुराचा आवाज गेला. गळ्याचा फास सैल पडला. मांडीवर वीतभर पोर होतं, डोळे मिटलेलं. केरबानं त्याच्या डोक्यातनं झबलं घातलं. दोन इवले हात बाह्यांतनं काढले, जसे शेवंतीचे काढले होते, आणि तिच्या आधीच्या दोघांचे. त्यालाही ठाऊक होतं हो हे सगळं! दोन वेळा गेलं होतं त्याच्या हातातनं.

धुरपा समोर येऊन बसली. आता ती साधी बाई होती. कुणाचीही लेक वाटावी अशी.

"वाढणार न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई बाई."

"कंदीच?"

"कंदीच न्हाई."

घेराचं जास्तीचं कापड कापायला त्यानं कात्री उघडली. आणि ती म्हणाली, "दादा... दोनच बोटं. दोन बोटं तरी?"

केरबानं पोर तिच्या ओटीत दिलं. उठला. ती म्हणाली, "जावा. मागं बघू नका." तो चालायला लागला. मागनं कुणीतरी पोराला थोपटत असल्याचा आवाज येत होता. हळू, एकसारखा. वाडीची वेस येईस्तोवर येत होता. त्यानं मागं पाहिलं नाही.

घरी आला तेव्हा शेवंती उठून बसली होती. म्हणाली, "आबा, भाकरी." इतकंच. हौसानं चूल पेटवली.

पोर हळूहळू भरली. होळीपर्यंत बांगड्या बसल्या. पाडव्याला केरबानं तिला चौकटीशी उभी केली. गेल्या सालची रेघ अजून दोन बोटं वर होती. त्यानं रेघ ओढली नाही. कोळसा चुलीत टाकला. पुढं ती वाढली, साऱ्या पोरींसारखी वाढली, पण ती दोन बोटं काही भरून निघाली नाहीत.

कशी निघणार? हे केरबानं मला शेवटच्या दुखण्यात सांगितलं. हौसाला जन्मभर सांगितलं नव्हतं. "पाव्हणं," म्हणाला, "कात्री उघडली, पर चालंना. ती दोन बोटं म्हणाली आन् मी तसंच दुमडून धावदोरा घातला. माझ्या लेकीची दोन बोटं मी दिली. तिला सांगा, आबाचं चुकलं."

मी सांगितलं. ती भांडी घासत होती. हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "दोन बोटं काय! असू देत तिला." आणि पुन्हा घासायला लागली. पण त्या रात्री जेवली नाही.

काय बघताय? मघाशी चहा कुणी दिला तुम्हाला? नाना, तुम्ही तर आमच्या लग्नात पंगत वाढत होता. नवरी जरा ठेंगणी आहे, असं कुणाच्या तरी कानात बोलला होता. मी ऐकलं होतं, विसरलो नाही.

ऐका आता. त्या झबल्यात दोन बोटं माया होती. ती भरली असेल, चाळीस वर्षं झाली. पुढची दोन धुरपा कुणाकडं मागेल, ते मला ठाऊक नाही. म्हणून ज्याच्या घरात वाढतं पोर आहे, त्यानं रात्रीचं त्या पाणंदीला पाऊल टाकायचं नाही. बजा, तुलाच सांगतोय. तुझी विहीर ओढ्यापलीकडं, आणि तुझी पोर अजून पाळण्यात. अर्धा कोस जास्त पडेल. पडू दे.

हं, आली बघा लाईट! शेवंता, ओट्यावरचा बल्ब लाव गं, मंडळी निघाली.

बघू नका रे असं तिच्याकडं. बटणापर्यंत हात पुरायला ती टाचा उचलते, रोजच उचलते. बोर्ड खाली घ्यायला मी कितीदा निघालो, तीच नको म्हणते.

जा आता. बजा, सडकेनं.